भिंतीतली काच : इमारतीच्या जाळ्यासाठी केबल आणि कनेक्टर निवडण्याचा इतिहास

या मालेत आपण बहुतेक वेळा राज्यं, लढाया, रेल्वे, धरणं अशा डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींचा इतिहास ऐकतो. आजचा विषय डोळ्यांना दिसतच नाही. तो भिंतीत चिणलेला असतो, नाहीतर अंगणातल्या फरशीखाली पुरलेला असतो. इमारतीतले संगणक एकमेकांना जोडणारी ऑप्टिकल फायबर केबल आणि तिच्या टोकाला लागणारे कनेक्टर यांची निवड माणसं आजवर कशी करत आली, त्यांचा अंदाज कुठे बरोबर ठरला आणि कुठे काळानं तो खोटा पाडला, हे आज आपण पाहणार आहोत.

हा विषय नाशिकमध्ये का? कारण इथे मोठमोठ्या आवारांच्या शिक्षणसंस्था आहेत, रुग्णालयं आहेत, वाचनालयं आहेत, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी एक बैठक होते. बांधकाम, रंग, फर्निचर यांवर दोन-दोन तास चर्चा होते. शेवटी कुणीतरी विचारतं, ‘नेटवर्कच्या केबलचं काय?’ ठेकेदार म्हणतो, ‘फायबर टाकू.’ सगळे माना डोलावतात. कोणतं फायबर, किती तंतूंचं, टोकाला काय, हे विचारायचं राहून जातं. पाच मिनिटांत झालेला हा निर्णय पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या संस्थेला सांभाळावा लागतो. पैसा वर्गणीचा किंवा देणगीचा असेल तर दुसऱ्यांदा खोदकाम करायला तो पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून हा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

सुरुवात थोडी मागून करू. काचेच्या तंतूतून प्रकाश नेता येतो, त्याला वळवता येतं, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होतं. पंजाबातल्या मोग्याला १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नावही कपानींनीच रूढ केलं. पण त्या वेळची काच फार मळकी होती. काही मीटरांत प्रकाश संपून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणित मांडलं की, दोष काचेत नाही, काचेतल्या अशुद्धीत आहे. किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत घट आणता आली, तर टेलिफोनसाठी तंतू वापरता येईल. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरच्या टोकाला शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. एवढंसुद्धा त्या काळी स्वप्नच होतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल असते, म्हणजे किलोमीटरनंतरही शंभरातले पंचाण्णव भाग शिल्लक!

आता ही गोष्ट आपल्या दारात येते. भारतात टेलिफोन एक्स्चेंजना एकमेकांशी जोडणारी पहिली स्थानिक ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, आणि ती दिल्लीत नव्हे, पुण्यात. कॉर्निंगच्या प्रयोगानंतर अवघ्या नऊ वर्षांत. नाशिक-पुण्याच्या माणसानं हे लक्षात ठेवावं. फायबर ही आपल्याकडे काल-परवा आलेली गोष्ट नाही.

इथून पुढे मात्र दोन वाटा फुटतात, आणि आजचा सगळा विषय त्या दोन वाटांचा आहे.

तंतूच्या मध्यभागी एक गाभा असतो, त्यातून प्रकाश जातो. त्याभोवती दुसऱ्या काचेचं वेष्टण असतं. बाहेरचा व्यास बहुतेक सगळीकडे १२५ मायक्रॉन, केसाहून थोडा जाड. फरक गाभ्यात आहे. एका जातीत गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन रुंद असतो. तिला मल्टिमोड म्हणतात. दुसऱ्या जातीत तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, ती सिंगलमोड.

रुंद गाभा चांगला की अरुंद? नाशिककरांना हे समजावून सांगणं सोपं आहे. रामकुंडाकडे निघालेली मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. रस्ता रुंद असेल तर माणसं आत शिरायला सोपी, पण कुणी सरळ चालतं, कुणी कडेकडेनं नागमोडी जातं. एकत्र निघालेली माणसं मागेपुढे पोचतात आणि दोन पथकांतलं अंतर पुसलं जातं. पंचवटीतल्या अरुंद बोळात शिरणं अवघड, पण एकामागे एकच माणूस चालतं. ज्या क्रमानं आत गेलं त्याच क्रमानं बाहेर येतं. प्रकाशाचंही तसंच. रुंद गाभ्यात स्पंदनं एकमेकांत मिसळतात. वेग जितका जास्त, म्हणजे पथकं जितकी जवळजवळ, तितकी ही सरमिसळ लवकर होते. गाभ्याची घडण मधून कडेकडे हळूहळू बदलत नेऊन ही अडचण कमी करता येते, पण ती पूर्ण जात नाही.

टेलिफोनवाल्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बोळ पत्करला. लांबचा पल्ला गाठायचा तर त्यांना दुसरा इलाजच नव्हता. १९८८ मध्ये अटलांटिकखालून गेलेली पहिली फायबर केबल सिंगलमोडच होती. इमारतींचं जाळं बांधणारे मात्र रुंद रस्त्यानं गेले. त्यांना हसू नये, कारण त्यांचं गणित त्या काळापुरतं अगदी चोख होतं. सिंगलमोडच्या नऊ मायक्रॉनमध्ये प्रकाश घालायला लेझर लागे आणि तो फार महाग पडे. ६२.५ मायक्रॉनच्या गाभ्यात साध्या एलईडीचा प्रकाशही भरपूर शिरे. अंतरं शे-दोनशे मीटरांची. मग हवाय कशाला महागडा लेझर?

हे गणित पुढे कसं फिरलं ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, आकडे मात्र मानकांतले. समजा, गंगापूर रोडवर एका संस्थेचं आवार आहे. मुख्य कार्यालयापासून वाचनालय ६० मीटरवर, प्रयोगशाळेची इमारत १४० मीटरवर आणि वसतिगृह ३२० मीटरवर. ही अंतरं सरळ रेषेत नव्हेत, केबलच्या वाटेनं मोजलेली. तांब्याच्या नेटवर्क केबलला १०० मीटरची मर्यादा, त्यामुळे दोन इमारती तिथेच बाद. तिसरी बसते, पण दोन इमारतींमध्ये तांबं टाकणं शहाणपणाचं नाही. मे महिन्यात वळवाची वीज जवळ कोसळली की दोन्ही इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो, आणि तो तांब्याच्या तारेतून थेट यंत्रांत शिरतो. काच वीज वाहून नेत नाही. म्हणून आवारासाठी फायबरच.

आता साल १९९५. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्टला देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केलेलं आहे. १०० मेगाबिटचं जाळं हे तेव्हाचं टोक. त्या वेगाला ६२.५ मायक्रॉनचं मल्टिमोड फायबर २ किलोमीटरपर्यंत चालतं. आपल्या तिन्ही इमारती आरामात बसतात. संस्था खूश.

साल १९९८. एक गिगाबिटचं मानक आलं. त्याच्या स्वस्त प्रकारात त्याच ६२.५ मायक्रॉनच्या केबलची मर्यादा २ किलोमीटरवरून २२० ते २७५ मीटरांवर आली. वसतिगृह गेलं! ज्यांनी ५० मायक्रॉनची केबल टाकली होती त्यांना ५५० मीटर मिळाले, ते वाचले. बाकीच्यांना महागडं उपकरण आणि मध्ये जोडायची एक खास पॅचकॉर्ड घेऊन भागवावं लागलं.

साल २००२. दहा गिगाबिट. आता जुनी ६२.५ ची केबल, जिला पुढे ओएम१ हे नाव पडलं, फक्त ३३ मीटर चालते. साठ मीटरवरचं वाचनालयसुद्धा गेलं. ओएम२, म्हणजे जुनी ५० मायक्रॉनची, ८२ मीटर. वाचनालय राहिलं, प्रयोगशाळा गेली. लेझरसाठी खास बनवलेली ओएम३ आली, तिला ३०० मीटर. वसतिगृह वीस मीटरांनी हुकलं. त्यानंतरच्या ओएम४ ला ४०० मीटर. बसलं एकदाचं.

साल २०१०. चाळीस गिगाबिट. ओएम३ ला १०० मीटर, ओएम४ ला १५०. वसतिगृह पुन्हा बाहेर. शिवाय या प्रकारात दोन तंतू पुरत नाहीत. चार जायला, चार यायला असे आठ लागतात, आणि त्यांच्यासाठी बारा तंतूंचा वेगळा कनेक्टर.

दर वेळी केबल तीच, काच तीच, तिच्यात काही बिघाड नाही. पण वेग वाढला की तिचा पल्ला आखडत गेला. दर वेळी नवं, सुधारित मल्टिमोड निघालं, आणि दर वेळी ते ‘आता पुरे’ म्हणून विकलं गेलं. विकणारे खोटं बोलत नव्हते. त्या दिवसापुरतं ते खरंच पुरे होतं.

आता याच आवारात १९९५ साली कुणी सिंगलमोड टाकलं असतं तर? एक गिगाबिटच्या मानकात त्याला ५ किलोमीटर. दहा गिगाबिटला १० किलोमीटर. चाळीसला १० किलोमीटर. शंभरला १० किलोमीटर. आणि सगळं दोनच तंतूंवर. ३२० मीटर हे अंतर त्याच्या खिजगणतीतही नाही. सिंगलमोडचं मूळ आंतरराष्ट्रीय मानक १९८४ चं आहे, आणि त्या मानकाच्या कुळातला तंतू आजही टाकला जातो.

मंडळी, इथे इतिहास आपल्याला एक साधी गोष्ट सांगतो. पेटीतली यंत्रं पाच-सात वर्षांनी बदलतात, काच मात्र राहते. आपण केबल निवडताना आजच्या यंत्राची किंमत बघितली आणि केबलला त्या यंत्राच्या गळ्यात बांधलं. यंत्र गेलं, केबल उरली.

मग आजचं गणित काय? काचेपुरतं बोलायचं तर सिंगलमोड तंतू मल्टिमोडपेक्षा स्वस्त असतो, कारण साऱ्या जगाचं टेलिफोन आणि इंटरनेट त्यावर चालतं आणि तो अफाट प्रमाणात बनतो. आपल्यापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा आणि वाळूजमध्ये स्टरलाइटच्या कारखान्यांत काच बनवण्यापासून तंतू ओढण्यापर्यंतचं काम होतं. ग्रामपंचायतींपर्यंत गेलेलं भारतनेट सिंगलमोडवर आहे. घरोघरी आलेलं फायबरही तेच. महाग होती ती टोकाची लेझरयंत्रं, आणि ती आता बरीच उतरली आहेत. म्हणून नव्या आवारात, इमारतीपासून इमारतीपर्यंत आणि मजल्यापासून मजल्यापर्यंत, सिंगलमोडच टाकावं, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. सर्व्हरच्या खोलीत, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात दहा-वीस मीटर जायचं असेल, तिथे ओएम४ आजही योग्य आहे; तिथली केबल भिंतीत नसते, ओढून बदलता येते. आणि ज्यांच्याकडे ओएम३ नीट चालू आहे त्यांनी ती उपटायला जाऊ नये. नवी वाट काढाल तेव्हा सिंगलमोड घाला, एवढंच.

आता कनेक्टर. इथला इतिहास जरा गमतीचा आहे. सुरुवातीच्या मोठ्या घराण्यांत जपानच्या एनटीटीचा एफसी, तो स्क्रूसारखा फिरवून बसवायचा. हादऱ्यांनी सैल होत नाही, पण गर्दीच्या पॅनलवर बोटं शिरत नाहीत. अमेरिकेच्या एटी अँड टीचा एसटी, दाबून पाव वळसा द्यायचा, जुन्या दिव्याच्या पिन-होल्डरसारखा. मग पुन्हा एनटीटीचा एससी, चौकोनी, सरळ ढकलला की खट् करून बसतो. १९९५ च्या अमेरिकन मानकानं इमारतींसाठी एससीची शिफारस केली. वाटलं, भांडण मिटलं.

मिटलं नाही. एससीच्या एका जोडीला जेवढी जागा लागे तेवढ्यात तांब्याची दोन पोर्ट बसत. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निम्म्या आकाराच्या कनेक्टरांची शर्यत लागली. एमटी-आरजे, व्हीएफ-४५, एलसी, प्रत्येक कंपनीचा आपला घोडा. मानक समितीला एक निवडता येईना. तिनं अटी पाळणाऱ्या सगळ्यांनाच मोकळीक दिली. निकाल शेवटी बाजारानं लावला. स्विचमध्ये घालायची बोटाएवढी एसएफपी यंत्रं आली, त्यांच्या तोंडाला ल्युसेंट कंपनीचा एलसी बसला, आणि शर्यत संपली. ज्यांनी भिंतीवरची पॅनलं हरलेल्या घोड्यांवर उभी केली होती, त्यांना पुढे सुटे भाग शोधत फिरावं लागलं.

पण या भांडणाच्या आत एक शांत गोष्ट होती. एफसी, एसटी, एससी या तिघांच्या पोटातली नळी, जिला फेरूल म्हणतात, २.५ मिलिमीटरचीच होती. कवच बदलत गेलं, नळी तीच राहिली, त्यामुळे एकाला दुसरा जोडणारे अडॅप्टर बनू शकले. एलसीची नळी १.२५ मिलिमीटरची. म्हणजे कनेक्टर बदलला तरी संसार मोडत नाही. पॅनलमागची जोडणी कापून नवं टोक जोडता येतं, पॅचकॉर्ड तर क्षणात बदलते. काच मात्र चुकली तर अंगण खणावं लागतं. म्हणून काळजीचा मोठा वाटा काचेला द्या, उरलेला कनेक्टरला. आज नवं काम असेल तर पॅनलवर एलसी घ्या, म्हणजे झालं.

कनेक्टरबाबत एक गोष्ट मात्र जपायची, आणि ती म्हणजे रंग. निळा आणि हिरवा हे सजावटीचे रंग नव्हेत. निळ्या सिंगलमोड कनेक्टरचं टोक सरळ घासलेलं असतं. हिरव्याचं ८ अंशांत तिरकं, म्हणजे परत फिरणारा प्रकाश मूळ वाटेवर येत नाही. आपल्या घरच्या फायबरच्या डबीला बहुधा हिरवाच असतो, बघा. दोघं एससी असले तर एकमेकांत बसतात, खट् आवाजही येतो, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो, शिवाय टोकं खराब होतात. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा.

आणि धूळ! नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर पाच मायक्रॉनचा कण म्हणजे बोळाच्या तोंडाशी उभा केलेला हत्ती. टोक जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी पुसायचं, टोपी काढली की खिशात जपायची. जागेवर बसून टोकं घासायचा काळ गेला. कारखान्यातून टोक बसवून आलेला छोटा तंतू घ्यायचा आणि मशीननं वितळवून जोडायचा. टेलिफोन आणि घरगुती फायबरच्या कामामुळे ही मशीनं आणि ते करणारी मुलं आता सहज मिळतात, जोडामागे दर ठरवून येतात.

शेवटचा भाग केबलच्या बाहेरच्या अंगाचा, आणि इथे पुन्हा नाशिकची माती येते. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावर शहर पुराचा अंदाज घेतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी अनेकांना आठवत असेल. नदीकाठ सोडला तरी पावसाळ्यात जमिनीखालच्या नळ्यांत पाणी साचतंच. म्हणून बाहेर टाकायची केबल पाणी रोखणारीच हवी. उंदीर-घुशींसाठी आपण पोलादी पत्र्याचं कवच असलेली आर्मर्ड केबल घेतो, ते बरोबर आहे. पण वीज वाहू नये म्हणून काच निवडली आणि तिच्याभोवती लोखंड गुंडाळून ते तसंच यंत्रांच्या कपाटापर्यंत नेलं, तर विजेला आपणच वाट करून दिली. ते कवच इमारतीत शिरतानाच अर्थ करायचं, नाहीतर धातू नसलेली केबल चांगल्या नळीतून न्यायची. आणि बाहेरची केबल इमारतीत खोलवर नेऊ नये. तिचं काळं वेष्टण आगीत दाट धूर करतं. अमेरिकेच्या नियमात तिला आत साधारण १५ मीटरची मुभा असते. वसतिगृह आणि रुग्णालय यांच्या जिन्यांत कमी धुराची केबलच हवी. इथे प्रश्न वेगाचा नाही, माणसांच्या श्वासाचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बैठक होईल तेव्हा आपण चार प्रश्न विचारावेत. काच सिंगलमोड आहे ना? आज दोन तंतू लागत असतील तर किमान बारा टाकताय ना? कारण खर्च खोदाईचा असतो, तंतूंचा नव्हे. शेजारी एक रिकामी नळी, आत ओढदोरीसह, सोडताय ना? आणि कोणता तंतू कुठून कुठे जातो, त्यात किती डेसिबल घट मोजली, याचा कागद काम संपताना आमच्या हातात देताय ना? या चौथ्या प्रश्नाला ठेकेदार हमखास टाळाटाळ करतो. शेवटचं बिल त्या कागदाशिवाय काढू नये.

१९७९ मध्ये पुण्यात ज्यांनी पहिला दुवा जोडला त्यांना आजचे वेग ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि २०४५ चे वेग आपल्यालाही ठाऊक नाहीत. पण भिंतीत जे जाईल ते आपल्यानंतरही तिथे असेल, एवढं नक्की ठाऊक आहे. त्या हिशेबानं निवड करू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.